खणाखालची तार

मार्च महिना संपत आला, की अहिल्यानगरच्या आडते बाजारात आणि मार्केट यार्डातील पेढ्यांवर कागदांचा पूर येतो. जीएसटीची विवरणपत्रे, बँकेसाठीचे ताळेबंद, हुंडेकऱ्यांच्या पावत्या, गोदामांचे भाडेकरार. प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती हव्या असतात. नेमक्या अशाच दिवशी पेढीतील झेरॉक्स यंत्र थांबते. खण कागदाने काठोकाठ भरलेला असतो आणि पडद्यावर मात्र ‘कागद नाही’ असा संदेश झळकतो. मुनीमजी खण ओढून पाहतात, पुन्हा ढकलतात. आतून मोटरची घरघर ऐकू येते आणि काही क्षणांत तीही विरते. अशा वेळी ‘यंत्र जुने झाले, आता नवे घ्या’ असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. प्रत्यक्षात पुष्कळदा यंत्र धडधाकट असते. बिघडलेली असते ती खणाखालची सुतळीहून बारीक पोलादी तार.

पाचशे कागदांच्या लहान खणात बहुधा अशी तार नसते; तेथे कागदाखालची पट्टी एका तरफेने वर उचलली जाते. दीड-दोन हजार कागद मावणाऱ्या मोठ्या खणाची गोष्ट निराळी. ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाचे एक रीम सुमारे २.३ किलो भरते. चार रिमे म्हणजे नऊ किलोंहून अधिक वजन झाले. एवढा भार एकाच बाजूने उचलला, तर कागदांची थप्पी कलंडेल. म्हणून खणाचा तळ कोपऱ्यांपाशी तारांना टांगलेला असतो. या तारा लहान लहान पुलींवरून वळून एका दांड्यावरील रिळांना गुंडाळल्या जातात. मोटर दांडा फिरवते आणि रहाटाने पोहरा वर यावा तसा कागदाचा तळ सरळ वर येतो. सर्वांत वरचा कागद ठरावीक उंचीला पोहोचला, की सेन्सर मोटर थांबवतो. खण बाहेर ओढला, की दांड्याची मोटरशी असलेली जोड सुटते आणि तळ आपल्याच वजनाने खाली बसतो.

तारेचे दुखणे सुरू होते ते बहुधा याच खाली बसण्यात. एखादा दुमडलेला कागद, पिन किंवा रिमाच्या वेष्टनाचा तुकडा तळाखाली गेलेला असतो. तळ वाटेत अडकतो, रीळ मात्र उलगडत राहते. तार सैल पडते आणि पुलीच्या खोबणीतून उतरते. पुढच्या वेळी मोटर ओढू लागते, तेव्हा एक कोपरा मागे राहतो, तळ तिरका होतो आणि प्रतीही तिरक्या निघू लागतात. याकडे दुर्लक्ष झाले, की पुलीच्या कडेवर घासून तारेचे एकेक सूत तुटते आणि शेवटी तार निकामी होते. खुणेच्या रेषेवर कागद भरणे आणि खण धाडकन आपटणे या दोन सवयी हा शेवट लवकर जवळ आणतात.

तारेचे हे शास्त्र नगरकरांना परके नाही. हस्तीमल फिरोदिया यांनी उभ्या केलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ मध्ये रस्त्यावर आली आणि नगरचे नाव घरोघर गेले. लूनाच्या ब्रेकची तार वेळेवर न बदलल्याने ऐन उतारावर फजिती झालेले अनेकजण आजही भेटतील. तार एकाएकी तुटत नाही, आधी तिचे सूत विरते, हे त्या पिढीला अनुभवाने ठाऊक आहे.

दुरुस्तीत कौशल्याइतकाच संयम लागतो. प्रथम यंत्र बंद करून प्लग काढावा, सारे कागद बाहेर घ्यावेत आणि खण सोडवून सपाट मेजावर ठेवावा. जाणता तंत्रज्ञ आवरणाचे स्क्रू काढल्यावर आधी काहीही हलवत नाही. तो तारांच्या वाटेचे छायाचित्र घेतो. तार नुसती उतरली असेल, तर ती खोबणीत परत बसवून काम भागते. तुटली असेल किंवा तिचे सूत निघाले असेल, तर त्याच नमुन्याची तार घालावी लागते. नवी तार पूर्वीच्याच दिशेने आणि तेवढ्याच वेढ्यांनी रिळावर गुंडाळली पाहिजे. एक वेढा कमी-अधिक झाला, तरी तळ तिरका राहतो. म्हणून शेवटी चारही कोपऱ्यांची उंची पट्टीने मोजून पाहायची, पुली कोठे तडकली आहे का तेही पाहायचे, आणि मगच आवरण लावायचे.

येथे जुगाड चालत नाही. तुटलेल्या तारेला गाठ मारली, तर तिची लांबी घटते आणि गाठ पुलीवर अडते. नायलॉनचा दोर वजनाने ताणतो. सायकलच्या ब्रेकची जाड तार एवढ्या लहान पुलीवर सारखी वाकून लवकरच तुटते. तेल सोडले, तर त्यावर कागदाची धूळ बसते आणि डाग प्रतींवर उमटतात.

काही वेळा सुटी तार मिळत नाही, पूर्ण खणच घ्यावा लागेल असे सांगितले जाते. व्यापाऱ्याने येथे दोन प्रश्न अवश्य विचारावेत: तार स्वतंत्र भाग म्हणून मिळते का, आणि वार्षिक देखभाल करारात ती धरली आहे का? केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रती काढणारी यंत्रेही आहेत. अर्थात, यंत्र भंगारात काढले म्हणून जबाबदारी संपत नाही.

जैन घरांना तर याहून जुनी शिकवण आहे. पाठशाळेत पाच समिती, तीन गुप्ती पाठ केलेल्यांना आदान-निक्षेपण समिती आठवेल: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पुसून, यतनेने वागणे. हा आचार साधू-साध्वींसाठी सांगितला असला, तरी श्रावकाच्या पेढीवरही तो शोभतो. आठवड्यातून एकदा खण रिकामा करून तळ पाहणे हे एक प्रकारचे पडिलेहणच होय. खण हळू लावण्यास पैसा पडत नाही, आणि तारही वाचते.

प्रतींचे मोल तर या समाजाला सांगावे लागत नाही. ज्यांच्या विचारातून पुढे स्थानकवासी परंपरा उभी राहिली, ते पंधराव्या शतकातील लोंकाशाह आगमांच्या प्रती लिहीत, असे परंपरा सांगते. तेव्हा एका प्रतीसाठी बोटे झिजत. आज तेच काम क्षणात होते, म्हणून ते करणाऱ्या साधनाची किंमत कमी होत नाही.

तार बदलून तंत्रज्ञ निघतो, तेव्हा ‘एवढ्याशा तारेचे इतके पैसे?’ असे सहज तोंडून जाते. पण त्याने घेतलेले पैसे तारेचे नसतात. कोणती तार, किती वेढे आणि कोठे थांबायचे, या जाणतेपणाचे असतात. त्या जाणतेपणाला योग्य मोबदला मिळत राहिला, तर गावात दुरुस्ती करणारा हात टिकेल, आणि पुढच्या मार्चमध्ये तो हाकेला येईल.