मॅक नको, पण विंडोज ७ही नको

अंबाजोगाईच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं नाहीतर बीडला बीसीए करणारं पोर सेकंड हँड लॅपटॉप बघायला निघालं, की सल्ले सुरू होतात. त्यातला पहिला बहुतेक वेळा सगळ्यांत महाग असतो: वेबचं काम करायचंय ना, मग मॅकच पाहिजे.

नाही लागत. व्हीएस कोड, गिट, नोड, पीएचपी, पायथन, मायएसक्यूएल हे सगळं विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. संतकवी दासोपंतांनी याच अंबाजोगाईत आपला ‘पंचीकरण’ हा ग्रंथ पासोडीवर, म्हणजे कापडावर लिहिला. कागदावर असता तरी ओव्या त्याच राहिल्या असत्या; कोडचंही तसंच. मॅकची खरी गरज पडते ती आयफोनचं अ‍ॅप बांधताना, कारण त्यासाठी लागणारं एक्सकोड दुसरीकडे चालत नाही.

‘डॉटनेट म्हणजे विंडोज’ हाही असाच जुना समज. जून २०१६ मध्ये डॉटनेट कोअर आलं आणि ते लिनक्सवरही चालू लागलं. जुनं वेब फॉर्म्सचं काम मात्र अजून विंडोजलाच बांधलेलं आहे.

मग कुठलाही लॅपटॉप चालेल? तसंही नाही. विंडोज आहे की लिनक्स यापेक्षा आवृत्ती कोणती, यावर जास्त अडतं. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, नोडची चौदावी आवृत्ती बसत नाही. ३२ बिट विंडोजसाठी व्हीएस कोडच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासून येत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण म्हणून त्या दिवशी कुणाचं मशीन बंद पडलं नाही. थांबले ते नेहमीचे सुरक्षा अपडेट.

सगळ्यांत चिवट गैरसमज वेगळाच आहे: ‘माझ्याकडे चालतंय, म्हणजे सर्व्हरवरही चालणार.’ आपलं मशीन विंडोजचं आणि सर्व्हर बहुधा लिनक्सचा. विंडोजला Logo.PNG आणि logo.png एकच वाटतात; लिनक्सला ती दोन वेगळी नावं. प्रोजेक्ट सादर करायच्या दिवशी चित्र गायब होतं ते यामुळे. मायएसक्यूएलच्या टेबलांच्या नावांचंही तसंच: विंडोजवर Students आणि students एकच, लिनक्सवर वेगळी. शिवाय ओळ संपवताना विंडोज दोन अदृश्य खुणा ठेवतं, लिनक्स एक. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट त्या जादा खुणेपाशी अडखळते. निदान नावांचा घोळ टाळायला फाइल आणि टेबलांची नावं पहिल्या दिवसापासून छोट्या लिपीत ठेवलेली बरी.

मराठी दिसत नाही म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमला शिव्या देणारेही भेटतात. अर्जात ‘बीड’ भरलं आणि पडद्यावर तीन प्रश्नचिन्हं आली, तर आधी डेटाबेस तपासा. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत मूळ अक्षरसंच लॅटिन असे, त्यात देवनागरीला जागाच नाही, ८.० पासून तो यूटीएफ८एमबी४ झाला. जुन्या टेबलाला तो हातानं द्यावा लागतो.

विंडोज न सोडता लिनक्स हवं असेल तर डब्ल्यूएसएल आहे, पण ४ जीबी रॅमवर त्याचा जीव घाबरा होतो. अशा मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी. ती आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघावी आणि वाय-फाय लागतंय याची खात्री झाल्यावरच विंडोज पुसावं.