बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत हौसेने बोट घेणारी बहुतेक माणसे ती ट्रेलरवर चढवून गाडीमागून पाण्यापर्यंत नेतात. न्यू जर्सीतला एखादा ट्रेलर आज लेक होपॅटकाँगच्या गोड्या पाण्यात उतरतो, तर पुढच्या आठवड्यात बार्नेगॅट बेच्या खाऱ्या पाण्यात. सामान वाहणाऱ्या किंवा कॅम्पिंगच्या ट्रेलरच्या ब्रेकना असे बुडावे लागत नाही. तरीही त्यांचेच ठोकताळे बोटीच्या ट्रेलरला लावले जातात. ते धोक्याचे आहे.

गैरसमज १ : गाडी दणकट असेल तर ट्रेलरला ब्रेक नकोत.

वस्तुस्थिती : इंजिनाची ओढण्याची ताकद वेगळी आणि थांबवण्याची क्षमता वेगळी. बऱ्याच राज्यांत ट्रेलरचे भरलेले वजन ३,००० पौंडांच्या (सुमारे १,३६० किलो) पुढे गेले की ब्रेक सक्तीचे होतात. काही राज्यांची मर्यादा याहून कमी आहे. गाडीच्या कंपनीनेही आपली मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते, आणि ती कायद्यापेक्षा कडक असू शकते. माहितीपत्रकातले बोटीचे वजन बहुधा रिकाम्या टाकीचे असते. समजा, इंजिनासह बोट २,१०० पौंडांची आणि ट्रेलर ७०० पौंडांचा आहे. बेरीज २,८००. एक गॅलन पेट्रोल साधारण ६ पौंड भरते, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरताच आकडा ३,०४० होतो. बॅटरी, नांगर आणि सामान अजून धरलेलेच नाही.

गैरसमज २ : इलेक्ट्रिक ब्रेक आधुनिक, म्हणून बोटीलाही तेच उत्तम.

वस्तुस्थिती : कोरड्या रस्त्यावर ते उत्तमच आहेत. पण त्यांचे विद्युतचुंबक ड्रमच्या आत बसतात, आणि वारंवार खाऱ्या पाण्यात गेल्यावर ते गंजतात. म्हणून बोटींसाठी सर्ज ब्रेकची पद्धत रुळली. गाडीचा वेग कमी झाला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, तो रेटा कपलरमधल्या मास्टर सिलिंडरवर येतो आणि तेलाच्या दाबाने चाकांचे ब्रेक लागतात. गाडीत वेगळा ब्रेक कंट्रोलर लागत नाही.

जड बोटींसाठी तिसरा मार्ग आहे : इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक. यात विजेवरचा पंप ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर असतो आणि चाकांपर्यंत फक्त तेलाचा दाब जातो. त्यासाठी गाडीत या पंपाशी जुळणारा कंट्रोलर, सात पिनांचे सॉकेट आणि १२ व्होल्टचा कायम पुरवठा हवा.

गैरसमज ३ : ड्रम आणि डिस्क यांत फरक फक्त किमतीचा.

वस्तुस्थिती : ड्रममध्ये खारे पाणी आणि वाळू अडकून राहते. डिस्क उघडी असते, त्यामुळे गोड्या पाण्याच्या फवाऱ्याने चांगली धुता येते. समुद्रात जाणार असाल तर डिस्कच घ्या, शक्यतो स्टेनलेस स्टीलची. मात्र जुने ड्रम काढून डिस्क बसवताना पुढचा कपलरही तपासा. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड घासत राहतात आणि चाक तापते. विजेच्या पंपातही फरक असतो : ड्रमसाठी साधारण १,००० पीएसआयचा, डिस्कसाठी १,६०० पीएसआयचा.

गैरसमज ४ : निळी तार निळ्या तारेला जोडली की झाले.

वस्तुस्थिती : वायरिंगमधली सर्वांत घातक चूक हीच. रिव्हर्स घेताना, विशेषतः चढावर, सर्ज कपलर दाबला जाऊन ब्रेक लागतात. ते टाळण्यासाठी डिस्कच्या ट्रेलरवर सोलेनॉइड बसवतात. रिव्हर्सच्या दिव्याची वीज मिळताच तो तेलाची वाट बंद करतो. पाच पिनांच्या चपट्या प्लगमध्ये ही पाचवी तार निळी असते. सात पिनांच्या सॉकेटमध्ये मात्र निळी तार इलेक्ट्रिक ब्रेकची, आणि रिव्हर्सची वीज मधल्या पिनेवर येते.

रंग पाहून दोन्ही निळ्या तारा जोडल्या आणि गाडीत कंट्रोलर असला, तर तुम्ही पेडल दाबताच सोलेनॉइड चालू होतो. ज्या क्षणी ट्रेलरने थांबायला हवे, त्याच क्षणी त्याचे ब्रेक बंद पडतात. म्हणून रंगावर विसंबू नका, पिनेचे काम पाहा.

गैरसमज ५ : अर्थ हिचच्या गोळ्यातून मिळतोच.

वस्तुस्थिती : गोळ्यावर ग्रीस असते, गंज असतो, आणि गाडी हादरली की स्पर्श तुटतो. दिवे लुकलुकतात, सोलेनॉइड कधी चालतो, कधी नाही. पांढरी अर्थची तार प्लगपासून प्रत्येक दिव्यापर्यंत आणि सोलेनॉइडपर्यंत स्वतंत्र न्या. कल्हई केलेली तांब्याची तार आणि आत गोंद असलेल्या हीट-श्रिंक नळीचे जोड वापरा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

गैरसमज ६ : ब्रेकअवे केबल सेफ्टी चेनला अडकवली तरी चालते.

वस्तुस्थिती : ट्रेलर सुटला तर ही केबल ताणली जाऊन त्याचे ब्रेक लावते. ती चेनलाच अडकवली आणि चेनचा हूक निसटला, तर केबलही सोबत जाते. ती गाडीच्या भक्कम भागाला स्वतंत्र अडकवा आणि वळणापुरती सैल ठेवा. विजेच्या पंपाला ब्रेकअवे स्विच आणि स्वतःची बॅटरी हवी. ती चार्ज आहे का, हे निघण्यापूर्वी पाहा.

नव्या वायरिंगनंतर पाच मिनिटांची एक चाचणी जरूर करा. इंजिन बंद, इग्निशन चालू आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा. सोलेनॉइडच्या तारेला टेस्ट लॅम्प लावा आणि दुसऱ्या माणसाला गाडीत बसवा. रिव्हर्स टाकताच दिवा लागायला हवा. गिअर न्यूट्रलमध्ये आणून पेडल दाबल्यावर तो लागता कामा नये. लागला, तर जोडणी दुरुस्त होईपर्यंत ट्रेलर रस्त्यावर काढू नका.