आयपीव्ही६ मधील तात्पुरते पत्ते : एका प्रणालीदोषाचे निदान

प्रस्तावना

बोरिवलीतील घरी आणि अंधेरीतील महाविद्यालयात एकच लॅपटॉप वापरणाऱ्या प्राध्यापकाचा माग महाजालावर काढता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर आयपीव्ही६ पत्त्याच्या रचनेत दडलेले आहे. २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर ही पत्तापद्धती उपनगरांतील सामान्य वापरकर्त्यांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोहोचली. म्हणून तिच्यातील एका दोषाचा परिचय उपयुक्त ठरेल.

तात्पुरत्या पत्त्याचे प्रयोजन

१२८ बिटांच्या पत्त्यातील पहिले ६४ बिट सामान्यतः नेटवर्कचा व उरलेले ६४ बिट संगणकाचा निर्देश करतात. मूळ पद्धतीत हा उत्तरार्ध नेटवर्क कार्डाच्या ४८ बिटी क्रमांकावरून तयार होत असे. त्यामुळे नेटवर्क बदलले तरी तो भाग तसाच राही आणि वापरकर्ता ओळखता येई. यावर उपाय म्हणून थॉमस नार्टेन व रिचर्ड ड्रेव्ह्ज यांनी जानेवारी २००१ मध्ये यादृच्छिक व अल्पायुषी पत्त्यांची पद्धत मांडली.

दोषाचे स्वरूप

लिनक्सच्या ३.८ पर्यंतच्या आवृत्त्यांमधील दोष सीव्हीई-२०१३-०३४३ या क्रमांकाने नोंदलेला आहे. एका जोडणीवर आपोआप तयार होणाऱ्या पत्त्यांची मर्यादा १६ होती. त्याच स्थानिक नेटवर्कवरील एखाद्याने राउटरच्या नावाने खोट्या घोषणांचा मारा केला, की ही मर्यादा भरे व नवा तात्पुरता पत्ता तयार होत नसे. काही फसलेल्या प्रयत्नांनंतर कर्नल त्या जोडणीवरील ही सुविधाच बंद करी. संपर्क मात्र सुरळीत राहत असल्याने वापरकर्त्यास काहीच जाणवत नसे.

निदान व उपाय

प्रथम पत्त्यांची यादी पाहावी. तीत ‘टेम्पररी’ असा उल्लेख नसल्यास सुविधा बंद असण्याचा संभव असतो. त्यानंतर ‘यूज टेम्पॲडर’ या मापदंडाचे मूल्य तपासावे. ते ० असल्यास सुविधा मुळातच बंद ठेवलेली असते. उणे १ असल्यास कर्नलने ती स्वतः बंद केली, असा निष्कर्ष निघतो. कर्नलच्या नोंदवहीतील संदेशाने त्यास दुजोरा मिळतो. यादीत अनोळखी पूर्वभागांचे अनेक पत्ते आढळल्यास खोट्या घोषणांचा संशय बळावतो.

२०१३ च्या दुरुस्तीत तात्पुरत्या पत्त्यांसाठीची मर्यादा-तपासणी काढून टाकण्यात आली. कारण मर्यादा भरल्यावर नवे मूळ पत्तेच स्वीकारले जात नसल्याने ती अनावश्यक होती. म्हणून कर्नल अद्ययावत करणे हा मुख्य उपाय होय. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत खोट्या घोषणा स्विचवरच अडविणेही आवश्यक आहे.

समारोप

संपर्क चालू आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असे मानता येत नाही. गोपनीयतेची सुविधा प्रत्यक्ष कार्यरत आहे किंवा नाही, याची वेळोवेळी पडताळणी करणे हाच या दोषाचा खरा बोध होय.