एक अक्षर, दोन उच्चार

‘जग बदलत चाललंय’ आणि ‘सुखानं जग’ ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा. लिहायला ‘जग’ एकच, पण पहिल्या ‘ज’ला जीभ टाळूला लागते आणि दुसऱ्याला तिचं टोक वरच्या दातांमागे जातं. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही तेच. पुढे ई आली की ‘झ’ टाळूकडे सरकतो. हा नियम कुणी न शिकवता लहान पोरंसुद्धा बिनचूक पाळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यात भाषांवरच्या नोंदी लिहिणाऱ्यांमध्ये ना. गो. कालेलकरांसारखे भाषाशास्त्रज्ञ होते. मात्र कोशाची रचना अकारविल्हे, त्यामुळे दोन्ही ‘ज’ एकाच अक्षराखाली येतात. लिपीला हा भेद दिसतच नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेत अर्थ स्वराच्या चढउतारावर ठरतो. ‘इग्बा’ एका सुरात म्हटलं तर दोनशे, दुसऱ्या सुरात काळ आणि तिसऱ्या सुरात भोपळ्याचं भांडं. तिथे हे सूर अक्षरांवर खुणा करून दाखवतात. मराठीत सूर अर्थ बदलत नाही, पण तिच्याकडे दुसरं धन आहे. ‘म्हैस’, ‘न्हाणी’, ‘व्हय’ यांतले म्ह, न्ह, व्ह म्हणताना आवाज आणि श्वास एकदमच बाहेर पडतात. जगातल्या फार थोड्या भाषांत असे ध्वनी सापडतात.

वाईतून आसपासच्या गावांत शिरलं की ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, ‘गेला होता’चं ‘गेलता’. ‘ळ’ मात्र इथे शाबूत राहतो. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि किनाऱ्यावरच्या आगरी बोलीत ‘डोला’. या बोलण्याला अशुद्ध म्हणणं सरळसरळ चूक आहे, कारण प्रत्येक बदल आपापल्या मुलखात नियमानं होतो.

अशा बोलींची नोंदही अभ्यासकांनी केली आहे. भाषा-अभ्यासक ग्रिअर्सननं १९०५ साली आपल्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीला दिला. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी एकेक बोली घेऊन पुस्तकं काढली. १९७० साली त्यांनी थेट केरळातल्या कासरगोडची मराठी नोंदवली.