ग्रिम फँडँगो: मॅनी पुन्हा कामावर!

टिम शेफरचा १९९८चा व्हिडिओ गेम 'ग्रिम फँडँगो' बरीच वर्षं सरळमार्गाने मिळतच नव्हता. जानेवारी २०१५मध्ये डबल फाइन कंपनीने त्याची रीमास्टर्ड आवृत्ती डिजिटल स्वरूपात आणली. अजून खेळला नसाल तर जरूर घ्या!

नायक मॅनी कालाव्हेरा हा मृतांच्या जगातला ट्रॅव्हल एजंट, मेक्सिकोच्या 'मृतांच्या दिवसा'तल्या सांगाड्यांसारखा दिसणारा. पुण्यवानांना नऊ नंबरच्या गाडीचं तिकीट, चार मिनिटांत अंतिम मुक्काम. बाकीच्यांना चार वर्षांची पायपीट. मेचे नावाच्या पुण्यवान बाईला तिकीट मिळत नाही, आणि तिथून जुन्या हॉलिवूड गुन्हेपटांच्या थाटात गोष्ट उलगडते.

नव्या आवृत्तीत पात्रांवरचा छायाप्रकाश देखणा झालाय; पार्श्वचित्रं मूळचीच आहेत. एका बटणावर जुनं-नवं रूप आलटूनपालटून बघता येतं. मॅनीला वळवण्याची जुनी कटकटही संपली, पीसीवर सरळ माउसने क्लिक करा.

खरी मेजवानी संगीताची. पीटर मॅककॉनेलच्या रचना मेलबर्न सिम्फनी ऑर्केस्ट्राने नव्याने वाजवल्यात. हेडफोन लावून गेममधल्या रुबाकावा शहरात नुसतं भटका!

निर्मात्यांचं भाष्यही आहे, पण ते दुसऱ्या फेरीत ऐका. पहिल्यांदा कोडी स्वतःच सोडवा.