नाव एकीकडे, मजकूर दुसरीकडे

आपल्या मंडळाचा अंक कागदावर छापला जात नाही. कथा, कविता, मुखपृष्ठ, सगळं फाइलींत असतं. त्यामुळे ‘बॅकअप आहे ना?’ असं कुणीतरी विचारतं, ‘आहे की!’ असं उत्तर येतं आणि सगळे निर्धास्त होतात. पण बॅकअप सर्व्हरच्या पोटात आपली फाइल नेमकी कुठे आणि कशी ठेवलेली असते? मी साहित्याची विद्यार्थिनी, संगणकशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. तरीही ही मांडणी समजून घेतल्यावर ती आपल्या कामाची आहे असं मला वाटलं.

उदाहरण म्हणून ‘बॅकअपपीसी’ ही प्रणाली घेऊ. क्रेग बॅरट यांनी पर्ल भाषेत लिहिलेली ही प्रणाली २००१ पासून सर्वांना मोफत मिळते. ती एका सर्व्हरवर चालते आणि नेटवर्कवरच्या बाकीच्या संगणकांतल्या फाइली ठरलेल्या वेळी स्वतःकडे ओढून घेते. तिची तिसरी आवृत्ती समजायला सोपी आहे, म्हणून तिच्याबद्दलच सांगते.

सर्व्हरच्या मुख्य फोल्डरमध्ये दोन भाग महत्त्वाचे. पहिला ‘पीसी’. त्यात प्रत्येक संगणकाच्या नावाचा एक फोल्डर, आणि त्याच्या आत ०, १, २, ३ असे क्रमांक घातलेले फोल्डर. एक क्रमांक म्हणजे एका वेळचा बॅकअप. त्यात मूळ संगणकावरची फोल्डरांची रचना जशीच्या तशी दिसते. फरक एवढाच, की प्रत्येक नावाआधी ‘एफ’ हे अक्षर लावलेलं असतं. सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींच्या फाइलीही तिथेच राहतात, त्यांची आणि आपल्या फाइलींची नावं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ही युक्ती.

दुसरा भाग ‘पूल’, म्हणजे सगळ्यांचा सामाईक साठा. (फाइली दाबून लहान करून ठेवल्या असतील तर त्यालाच ‘सीपूल’ म्हणतात.) इथे फाइलीचं मूळ नाव चालत नाही. तिचा आकार आणि मजकूर यांवरून एमडी५ नावाच्या गणिताने एक लांबलचक खूण काढतात, आणि तीच फाइलीचं नाव होते. या खुणेत ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं असतात. खूण ‘७सी३’ने सुरू होत असेल, तर फाइल ‘७’ या फोल्डरमधल्या ‘सी’मधल्या ‘३’मध्ये सापडेल. लाखो फाइली एकाच ढिगात पडू नयेत, म्हणून हे कप्पे. मोठ्या फाइलीची खूण काढताना तिचा काही भागच वापरतात, त्यामुळे दोन वेगळ्या फाइलींची खूण एक येऊ शकते. म्हणून सर्व्हर खुणेवर विसंबत नाही, दोन्हींचा मजकूर ताडून बघतो. मजकूर वेगळा निघाला, तर दुसरीच्या नावाला शेवटी एक आकडा जोडतो.

आता खरी गंमत. ‘पीसी’मधलं नाव आणि ‘पूल’मधली खूण ही एकाच मजकुराची दोन नावं असतात. लिनक्समध्ये याला हार्ड लिंक म्हणतात. डिस्कवर मजकूर एकदाच, नावं हवी तेवढी. आपल्या अंकाचं मुखपृष्ठ पाच संगणकांवर असलं आणि महिनाभर कुणी त्याला हात लावला नाही, तरी साठ्यात ते एकच. फाइलीचं नाव बदललं तरी मजकूर तोच, म्हणून जागा वाढत नाही. उलट कथेतली एक वेलांटी सुधारलीत, तर सर्व्हरच्या दृष्टीने ती सबंध नवी फाइल!

मग फाइल जाते कधी? तुम्ही ती आपल्या संगणकावरून उडवलीत, तरी जुन्या क्रमांकांत तिचं नाव शिल्लक असतं. पण जुने बॅकअप किती ठेवायचे हे आधीच ठरलेलं असतं, आणि मुदत संपली की सर्व्हर तो क्रमांकच काढून टाकतो. रोज रात्री एक झाडू फिरतो. ज्या मजकुराचं ‘पूल’मधलं नाव तेवढं उरलंय, म्हणजे कुठल्याच बॅकअपला तो नकोय, तो मजकूर कायमचा पुसला जातो. २०१७ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत हार्ड लिंका नाहीत, नावांची मोजणी वेगळ्या नोंदींत होते. पण नियम तोच: कुठेतरी नाव आहे तोवरच मजकूर आहे.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, बॅकअप म्हणजे संग्रह नव्हे. चार वर्षांपूर्वीचा अंक ‘जागा अडवतोय’ म्हणून कुणी काढून टाकला, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सर्व्हरही तो विसरेल. दुसरी, शंभर ठिकाणी दिसणारी फाइल प्रत्यक्षात एकच प्रत असू शकते. हार्ड लिंक एकाच फाइल सिस्टिमच्या आत चालते, म्हणून ‘पीसी’ आणि ‘पूल’ एकत्रच राहावे लागतात. ती डिस्क गेली, की शंभरही नावं एकदम गेली.

इथे मला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ आठवतं. १६१६, १६४९ आणि १६५४ अशी तीनदा छापूनही त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो वेगवेगळ्या ठिकाणी जपलेल्या हस्तलिखितांमुळे, आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये तो मंगळूरला पुन्हा छापला गेला.

म्हणून संपादक मंडळाला माझी विनंती आहे: प्रत्येक अंकाची अंतिम फाइल बॅकअपच्या भरवशावर सोडू नका. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ग्रंथालयात द्या, आणि एक कॉलेजच्या आवाराबाहेर ठेवा. एका अंकाला पाच मिनिटं लागतील.