होडीवरचे दिवे

होडीवर दिवे बसवावयाचे म्हणजे एक बॅटरी, चार-दोन तारा आणि बाजारांत मिळेल तो दिवा. याहून त्यांत कांहीं अधिक असेल असें आमच्या घरांतील तरुण मंडळींस वाटलें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर मलाही वाटलें नव्हतें. पुढें जें घडलें त्यामुळें हा विषय मला मुळापासून शिकावा लागला. वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें कोंकणांत आहेत, आणि सुटींत तेथें गेलेलीं मुलें होडींत बसल्यावांचून राहात नाहींत. म्हणून शिकलों तें येथें मांडीत आहें.

आमचें घर मालवणांत, सारस्वतांचें. तेव्हां मासळीचा विषय निघाला म्हणून देशावरील वाचकांनीं नाक मुरडूं नये; सोमवार आणि संकष्टी सोडली तर आमच्या स्वयंपाकघरांत तो नित्याचाच आहे. माझ्या दोन पुतण्यांनीं एका गाबीत तांडेलाच्या भागींत फायबरची बावीस फुटी होडी घेतली. तिला मागें बाहेरून लावावयाचें पेट्रोलचें इंजिन. तांडेल आठवड्यांतून चार दिवस तिच्यावरून जाळें टाकी; उरलेल्या दिवसांत आमचीं मुलें संध्याकाळीं गरवावयास, म्हणजे गरी टाकून मासे धरावयास जात. सूर्य बुडाला कीं माघारी, असा माझ्या आईचा दंडक होता. परंतु दिवसभर न फिरकणारा मासा गरीला लागतो तो नेमका काळोख पडल्यावर. त्यामुळें मुलांची कुरकुर चाले. अखेर आईनें अट घातली कीं, होडीला नीट दिवे लावा, तांडेलाला बरोबर घ्या, आणि मग जा.

धाकटा पुतण्या घरांतील पंख्यांपासून पाण्याच्या पंपापर्यंत सर्व विजेचीं कामें स्वतः करणारा. त्यानें एका रविवारीं सगळें उरकलें. मध्यें खांब उभारून त्यावर पन्नास वॅटचा पांढरा झोताचा दिवा, नाळेवर, म्हणजे होडीच्या तोंडाशीं, एक तांबडा व एक हिरवा, आणि पाण्यांत सोडावयाचा एक हिरवा दिवा वेगळाच. संध्याकाळीं अंगणांत सर्व दिवे पेटवून दाखविले तेव्हां शेजारचीं मुलें टाळ्या पिटूं लागलीं.

मार्गशीर्षांतली अमावास्या होती. मीही हौसेनें बरोबर गेलों. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या अंगास नांगर टाकून आम्ही दोन तास बसलों. झोताच्या दिव्याखालीं गरीला आमिष लावणें सोपें जात होतें, पण होडीच्या कांठापलीकडे कांहींच दिसत नव्हतें. काळी भिंत उभी करावी तसा समुद्र. साडेआठाच्या सुमारास दिवा मालवून, नांगर उचलून, उत्तरेकडे निघालों. डाव्या हातास, पश्चिमेकडून, एक ट्रॉलर बंदराकडे येत होता. प्रथम त्याचा एकच तांबडा दिवा दिसला. मग तांबड्याच्या जोडीला हिरवाही दिसूं लागला. दोन्ही एकदम दिसतात याचा अर्थ त्याची नाळ सरळ आपल्यावर आहे, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. तांडेलाला होतें. त्यानें पुतण्याच्या हातांतून इंजिनाचा दांडा हिसकला, इंजिन उलट्या गतीला टाकलें आणि दुसऱ्या हातानें टॉर्चचा झोत आमच्याच होडीच्या अंगावर फिरविला. ट्रॉलर पुढून वीस-पंचवीस हातांवरून गेला. त्याच्या लाटेनें होडी इतकी कलंडली कीं, थोरल्या पुतण्यानें मला धरलें नसतें तर मी पाण्यांत गेलों असतों.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तांडेल नाळेकडे वांकून पाहून म्हणाला, "तुमचो तांबडो दिवो खंय आसा?"

तांबडा उजवीकडे होता! पुतण्या स्क्रू पिळतांना नाळेजवळच्या फळीवर इंजिनाकडे तोंड करून बसला होता; त्याचा डावा हात तीच त्यानें होडीची डावी बाजू धरली. एवढीच चूक. परंतु समुद्रावर या चुकीचा अर्थ काय होतो तो पाहा. डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा, हा जगभरच्या जहाजांचा नियम आहे. दुसऱ्या नावेचा तांबडा दिसला म्हणजे तिची डावी बाजू आपल्याकडे आहे, अर्थात् ती आपल्या उजवीकडून डावीकडे चालली आहे. हिरवा दिसला तर डावीकडून उजवीकडे. ट्रॉलरच्या तांडेलाला आमचा हिरवा दिसला. आम्ही दक्षिणेकडे चाललों आहों असें समजून आमच्या पाठीमागून निघून जावें म्हणून त्या भल्या माणसानें आपलें सुकाणू डावीकडे वळविलें. आणि तेथेंच आम्ही चाललों होतों. त्याला दोष देण्यास जागा नाहीं. आम्हीच त्याला खोटें सांगितलें होतें.

घरीं आल्यावर आईला सारें सांगावें लागलें, कारण माझें धोतर ओलें होतें. ती रागावली नाहीं. "आतां तूं स्वतः बसून नीट कर," एवढेंच म्हणाली. हा हुकूम पुतण्यास नव्हता, मला होता.

जहाजांची टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ सालीं ठरले आणि १९७७ च्या जुलैपासून अमलांत आले. ते मोठ्या आगबोटींसाठींच असावेत असा माझा समज होता. पण त्यांत आमच्यासारख्या लहान होड्यांचाही विचार केलेला आहे. वाचतांना एक गोष्ट हळूहळू ध्यानांत आली. दिवा म्हणजे आपल्याला दिसावें म्हणून, ही जी घरांत राहून लागलेली समजूत, ती होडीवर उलटी आहे. तेथें दिवा प्रथम दुसऱ्यास आपण दिसावें म्हणून असतो. आणि नुसतें दिसावें म्हणून नव्हे, तर आपलें तोंड कोणीकडे आहे हें त्यास कळावें म्हणून. आपल्या कामाचा उजेड हा त्यानंतरचा, आणि तो या पहिल्या दिव्यांच्या आड येतां कामा नये, असें नियमांतच म्हटलें आहे.

नाळेवरील तांबडा व हिरवा हे सभोंवार प्रकाश देणारे नसतात. प्रत्येकाचा प्रकाश नाकासमोरच्या रेषेपासून आपल्या बाजूस, काटकोनाच्याही थोडा मागेंपर्यंत, ११२½ अंश पडावा. मागें उरलेल्या १३५ अंशांत मोठ्या नावेला वेगळा पांढरा दिवा लागतो. परंतु बारा मीटरांहून लहान होडीस सर्व बाजूंनीं दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. मात्र तो नाळेवरच्या दिव्यांपेक्षां निदान एक मीटर उंच हवा, आणि दोन सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारें पावणेचार किलोमीटरांवरून, दिसला पाहिजे. तांबड्या-हिरव्यास एक मैल पुरे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत हे पेटते हवेत. मासा घाबरतो म्हणून ते मालवून ठेवण्याची जी युक्ति कांहीं हौशी मंडळी करितात ती नियमांत बसत नाहीं.

जाळें टाकलेल्या होडीची खूण आणखी निराळी. जाळ्यामुळें तिला चटकन् वळतां येत नाहीं, म्हणून तिनें वर तांबडा व खालीं पांढरा असे दोन सभोंवार दिसणारे दिवे एका खांबावर लावावयाचे; ओढजाळें ओढणाऱ्या ट्रॉलरनें तांबड्याच्या जागीं हिरवा. पुतण्यांस ही खूण फार आवडली व गरवतांनाही ती लावावी असा त्यांचा बेत होता. पण हातांत दोन गऱ्या धरून बसलेली होडी केव्हांही निघूं शकते. तिला हा मान नाहीं. तांडेल जाळें टाकतो त्या रात्रींपुरती आम्ही वेगळी कळ ठेविली.

आतां तारा. पुतण्यानें घरांतील बारीक तार वापरली होती, आणि सर्व दिवे एकाच जोडीवर. बारा व्होल्टांवर पन्नास वॅटचा दिवा सुमारें चार अँपिअर ओढतो. सहा मीटर जाऊन सहा मीटर परत येणाऱ्या अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेंत त्यामुळें जवळजवळ दोन व्होल्ट वाटेंतच खर्ची पडत. म्हणून मोठा दिवा लागला कीं नाळेवरचे मंद होत. आम्ही दोन तास काळोखांत नुसता एक पांढरा भपका होतों, आणि तो मालवल्याबरोबर चुकीचा हिरवा एकाएकीं उजळला. ट्रॉलरला विचार करण्यास किती थोडा वेळ मिळाला असेल, हें त्यावरून दिसेल. आतां नाळेवरच्या दिव्यांस अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार आहे. ते एल. ई. डी. चे असल्यानें पांढऱ्यासकट एक अँपिअरही ओढीत नाहींत, आणि व्होल्टाचा दहावा हिस्साच वाटेंत जातो.

तार कोणती घ्यावी हें आमच्या वहिनींस मात्र सांगावें लागलें नाहीं. उघडें तांबें खाऱ्या हवेंत कळकतें. हिरवा कळंक तारेच्या आवरणाच्या आंत वीत-वीत चढतो, बाहेरून तार नवी दिसते आणि आंत तिची भुकटी झालेली असते. "मग कल्हई लावलेली तार मिळत नाहीं का?" असें त्यांनीं सहज विचारलें. मिळते! होड्यांसाठीं म्हणून जी तांब्याची तार विकतात तिच्या प्रत्येक बारीक धाग्यावर कथलाचा मुलामा असतो. म्हणजे पितळी पातेल्यास जी युक्ति तीच. सांधे नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळण्याचे दिवस आतां गेले. सांध्यावर नळी दाबून वर गोंद सुटणारें, ऊन दिल्यावर आवळणारें आवरण चढवावयाचें. आणि कोणताही सांधा होडीच्या तळाशीं, जेथें पाणी सांचतें तेथें, ठेवावयाचा नाहीं.

फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतरांत हवा, कारण तार कोठेंही घासून उघडी पडली तर जळण्यास तिच्यापाशीं बॅटरीची सारी शक्ति असते. बॅटरी पेटींत आंवळून बांधावी, पेटीस वर हवा जाण्यास वाट असावी, आणि ती पेट्रोलच्या टाकीपासून दूर असावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती होडीच्या तळाशीं बसून राहते. साठ अँपिअर-तासांच्या बॅटरीपैकीं निम्मीच आपली समजावी. आमचे सर्व दिवे मिळून दहा तासांत वीसहून कमी खातात.

पन्नास वॅटचा झोत मी काढून टाकला. त्यावरून घरांत थोडी कुरबूर झाली. पण डोळ्यास काळोखाची संवय व्हावयास वीस मिनिटें ते अर्धा तास लागतो, आणि झोताकडे एकदां पाहिलें कीं ती संवय क्षणांत मोडते. तांडेल हें निराळ्या शब्दांत सांगे: "तुमचो दिवो तुमकांच आंधळो करता." आतां कांठाच्या आंतल्या बाजूस, गुडघ्याहून खालीं, एक मंद तांबडा दिवा आहे. तांबड्या उजेडानें काळोखाची संवय फारशी मोडत नाहीं. बाहेरून मात्र तो मुळींच दिसतां उपयोगीं नाहीं, नाहींतर तोच होडीचा डावा दिवा वाटावयाचा. आमिष लावतांना गरी बोटांत घुसते अशी तक्रार अजून आहे, आणि ती खरीही आहे.

राहिला तो पाण्यांतला हिरवा दिवा. पाण्यांत तांबडा प्रकाश लवकर विरतो, हिरवा व निळा खोलवर जातो. त्या उजेडाकडे सूक्ष्म जीव, त्यांच्यामागें लहान मासळी, तिच्यामागें मोठी मासळी व माकूल अशी रांग लागते. युक्ति खरी आहे, आणि खरी आहे हेंच तिचें दुःख. मोठ्या नौका जनित्रें घेऊन समुद्रावर दिवसासारखा प्रकाश पाडूं लागल्या आणि लांबलांबची मासळी एका जाळ्यांत ओढूं लागल्या, तेव्हां किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या मालवणच्या माणसांच्या हातीं दोर तेवढा राहिला. केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०१७ मध्यें भारताच्या सागरी आर्थिक क्षेत्रांत अशा दिव्यांनीं मासे धरण्यास बंदी केली. महाराष्ट्रानेंही आपल्या १९८१ च्या कायद्यांत २०२१ सालीं दुरुस्ती करून दंड लाखांच्या घरांत नेला. पुतण्याचें म्हणणें असें कीं, आपला दिवा हातभर, आपण धरणार चार मासे. कायदा आपल्यासाठीं थोडाच आहे? त्याला मी उत्तर शोधीत होतों. तांडेलानें तो दिवा होडींतून उचलून पुळणीवर ठेविला आणि म्हणाला, "ह्यो दिवो होडयेत, तर मी किनाऱ्यार." त्याचे दोन भाऊ रापणीवर आहेत. पुतण्यानें दिवा उचलून घरीं आणला.

सर्व जुळल्यावर आम्ही पुढच्या अमावास्येस होडी किनाऱ्याजवळ उभी केली आणि घरांतील सारीं माणसें पुळणीवर गेलीं. तांडेल होडी सावकाश गरगर फिरवी, आणि कोणता दिवा दिसतो तें आम्ही ओरडून सांगावयाचें. नाळ आमच्याकडे असतां तांबडा-हिरवा दोन्ही, वर पांढरा. मग नुसता तांबडा आणि पांढरा. पाठ फिरली कीं पांढरा एकटा. आईला खुर्ची दिली होती. ती चुकली नाहीं. मी एकदां चुकलों. शेवटीं तिनें होडी पुन्हां एक वळसा फिरवावयास लाविली, आणि मग जाण्यास परवानगी दिली. त्या रात्रीं दोन लहान तांबोशा मिळाल्या, चौघांत.

पाण्यांतला हिरवा दिवा कांहीं महिने माळ्यावर पडून होता. भाद्रपदांत तो गणपतीच्या मखरामागें लावला, छान दिसला.